नौपाड्यातलं दातांचं क्लिनिक: तारा, रबरं आणि जबड्यातला खटका

आधी वाईट ते सांगतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की गुरुजींना दक्षिणा मिळाली म्हणून गोडगोड लिहिलं. पार्किंग नाही. नौपाड्यात ते कुठेच नाही म्हणा, पण इथे गल्ली इतकी अरुंद की स्कूटर लावायलासुद्धा खालच्या किराणावाल्याची मनधरणी करावी लागते. जिना चढून दुसरा मजला, लिफ्ट नाही. सहाची वेळ दिली की पावणेसातला आत घेतात. दुपारी १ ते ५ फोन उचलत नाहीत, आणि ठाणेकर पुण्याला नावं ठेवतात. संध्याकाळी शाळेतली मुलं वायर टाइट करून घ्यायला येतात तेव्हा बाकावर जागा मिळत नाही. समोर टीव्हीवर कायम स्वयंपाकाचा कार्यक्रम. ज्याच्या दातांना तारा आहेत त्याला तासभर चकल्या तळताना दाखवायच्या, याला काय म्हणावं!

एवढं असून मी लोकांना इथेच पाठवतो, आणि त्याचं कारण दात नाहीत. दात सरळ करून देणारे ठाण्यात पुष्कळ आहेत. गोखले रोडने चालत गेलात तर पाट्या वाचून कंटाळाल. माझं कारण जबडा. तारा असताना माझ्या डाव्या कानापाशी कट् कट् सुरू झालं, मग दुखायला लागलं, तेव्हा इथल्या डॉक्टर मॅडमनी काय केलं आणि काय केलं नाही, ते सविस्तर लिहितो. ज्यांना फक्त दर हवेत त्यांनी सरळ खाली जावं.

मी पौरोहित्य करतो. वय ३८. या वयात तारा कशाला, हे मला निम्म्या ठाण्याने विचारून झालंय, तेव्हा उत्तर इथे देऊन ठेवतो. माझे वरचे दात पुढे होते आणि तोंड मिटलं की खालचे दात वरच्या दातांमागच्या हिरडीत रुतायचे. याला डीप बाइट म्हणतात. हिरडीला जखमा व्हायच्या आणि खालचे दात झिजत चालले होते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच सांगितलं की हे भरून, घासून भागणार नाही, ऑर्थोडॉन्टिस्टकडे जा. म्हणजे बीडीएस या दातांच्या पदवीनंतर दात सरळ करण्याच्या विषयात तीन वर्षं एमडीएस केलेला माणूस. मॅडम तशा आहेत, पाटीवर स्पष्ट लिहिलंय. तारा लावणारे सगळेच तसे नसतात, हे जाता जाता.

पहिल्याच दिवशी, माप आणि एक्स-रे घ्यायच्या आधी, मॅडमनी माझ्या मागे उभं राहून दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवली. "गुरुजी, तोंड सावकाश उघडा. मिटा. परत उघडा. आता खालचा जबडा डावीकडे सरकवा, उजवीकडे." मग स्टीलच्या छोट्या पट्टीने वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजलं आणि असिस्टंटला लिहायला सांगितलं: डावीकडे उघडताना हलका क्लिक, दुखत नाही, ओपनिंग ४४ मिलिमीटर. सकाळी उठल्यावर कानशिलं दुखतात का, रात्री दात खाता का, जबडा कधी अडकलाय का, हेही विचारलं. दात खाण्याचं मला ठाऊक नव्हतं, पण बरोबर आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या वतीने ठणकावून "हो" सांगितलं.

नंतर मॅडम म्हणाल्या, "हा आवाज तुमच्याकडे आधीपासून आहे. तारांनी तो जाईल असं मी सांगणार नाही. वाढला किंवा दुखला तर मात्र लगेच कळवा." ही दोन मिनिटांची तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. पुढे जे झालं त्यात आधी काय होतं आणि नवीन काय झालं हे कागदावर होतं, म्हणून भांडण झालं नाही. तुम्ही कुठेही जा, तारा लावण्याआधी कोणी तुमच्या कानापुढे बोट ठेवतंय का, एवढं बघा.

सुरुवात रीतसर झाली. दाढांमध्ये निळी रबरी कडी, मग बँड म्हणजे दाढेभोवतीची धातूची पट्टी, मग ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेली, तार धरणारी छोटी चीप. असिस्टंट पोरगी हुशार. "गुरुजी, भगवी रबरं लावू का? मॅच होतील." मी राखाडी घेतली. वरच्या पुढच्या दातांच्या मागे मॅडमनी निळ्या सिमेंटचे दोन उंचवटे बसवले, तोंड मिटताना वरचे दात खालच्या दातांवरच्या ब्रॅकेटना धडकू नयेत म्हणून. याला बाइट ब्लॉक किंवा टर्बो म्हणतात. त्यामुळे मागच्या दाढा एकमेकींना टेकतच नाहीत. पहिले काही दिवस भात आणि वरण सोडून दुसरं काही गिळवत नव्हतं. मामलेदारची मिसळ मात्र जमली, पाव रश्शात पूर्ण भिजेपर्यंत थांबायचं.

काही महिन्यांनी दुसरी, ओढणारी रबरं आली. वरच्या सुळ्याच्या हुकापासून खालच्या दाढेपर्यंत, दोन्ही बाजूंना, आणि जेवण सोडून दिवसरात्र घालायची. ही वरच्या दातांना मागे ओढतात आणि खालच्यांना पुढे, म्हणजे खालचा जबडाही सतत पुढे ओढला जातो. ही रबरं लावून साधं बोलता येतं, पूजा सांगता येत नाही. माणसाने संकल्प सोडायचा आणि ओठाच्या कोपऱ्यातून रबर उडून यजमानांच्या ताम्हनात, असं एकदा झालंय. यजमान भले होते.

श्रावणात कामं वाढली आणि डाव्या बाजूचा क्लिक मोठा झाला. आधी मला मुद्दाम लक्ष दिल्यावर जाणवायचा, आता घास चावताना शेजारच्या पानावरच्याला ऐकू जाईल असा. मग दुखणं आलं. कानाच्या आत दुखतंय असं वाटायचं, सकाळी जास्त. सत्यनारायणाची कथा सांगताना तिसऱ्या अध्यायापर्यंत जबडा भरून यायचा. वायर टाइट करायला गेलो तेव्हा असिस्टंटला सांगितलं, तर ती म्हणाली, "रबरं नवीन आहेत ना, थोडं दुखतंच." मॅडम त्या दिवशी घाईत होत्या, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही. हा या क्लिनिकचा खरा दोष आहे, पार्किंगपेक्षा मोठा. दात दुखणं आणि सांधा दुखणं यातला फरक खुर्चीशेजारी उभ्या असणाऱ्या प्रत्येकाला कळला पाहिजे.

मी आपला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि कान स्वच्छ आहे म्हणून परत पाठवलं, वर म्हणाले, दातवाल्यांना विचारा. माझा पुतण्या नेरूळला डेंटल कॉलेजात शिकतो. त्याने सांगितलं की यात नवल नाही, जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात, त्यामुळे दुखणं कानातलं वाटतं. १९३४ साली कॉस्टेन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने या तक्रारींची सांगड जबड्याशी घातली, तो स्वतः कान-नाक-घशाचाच होता. त्याने दिलेलं कारण पुढे चुकीचं ठरलं, पण रोग्यांचा कानापासून दातापर्यंतचा हा फेरा मात्र तेव्हापासून चालू आहे म्हणायचा.

मग एका दुपारी जांभई देताना जबडा क्षणभर अडकला आणि खाट् करून सुटला. घाबरलो. क्लिनिकचा फोन अर्थातच कोणी उचलेना. व्हॉट्सॲपवर सगळं लिहून टाकलं. रात्री मॅडमचं स्वतःचं उत्तर आलं, तसंच देतो: "रबरं आजपासून बंद. सुपारी, चिक्की, कडक काही नाही. आरशासमोर आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. दोनही जात नसतील तर सकाळी वेळ न घेता या. जात असतील तर परवा या, घाबरू नका." तीन बोटं जेमतेम गेली. या एका निरोपासाठी मी चकल्यांचा कार्यक्रम माफ केला.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी पहिला कागद काढला आणि पुन्हा मोजलं. ४४ चे ३८ झाले होते. तोंड उघडताना हनुवटी आधी डावीकडे झुकत होती आणि खटका वाजला की मध्यावर येत होती. गालाच्या स्नायूवर बोट दाबलं तर मी खुर्चीतून उठायचाच बाकी राहिलो. कानशिलावरही तेच. मग दात कुठे टेकतात ते बघायला त्यांनी लाल-निळा कागद चावायला लावला आणि कळलं की निळ्या उंचवट्यांपैकी एक झिजून बसका झालाय. म्हणजे तोंड मिटताना माझा जबडा एकाच बाजूला टेकायचा आणि तिथून सरकून जागा शोधायचा, दिवसभर. त्यात रबरांची ओढ, त्यात रात्रीचं दात खाणं, त्यात श्रावण.

खटक्याचं त्यांनी असं समजावलं. जबड्याच्या हाडाचा गोल माथा कवटीच्या खोबणीत फिरतो आणि दोघांच्या मध्ये एक लवचिक चकती असते. ती चकती पुढे निसटलेली असते. "चालताना पायातून चप्पल पुढे निसटते आणि पुढच्या पावलाला पाय पुन्हा तिच्यात शिरतो ना, तसं. तोंड उघडताना माथा परत चकतीवर चढतो, तो आवाज." निसटलेली चप्पल पुन्हा पायात आलीच नाही तर जबडा लॉक होतो, तोंड उघडत नाही. तिथवर जाऊ द्यायचं नाही, एवढंच आपलं काम. नुसता आवाज, दुखणं नाही आणि तोंड पूर्ण उघडतंय, असे लोक पुष्कळ असतात आणि त्यांना काहीच करावं लागत नाही. खटक्याऐवजी वाळू घासल्यासारखी करकर येऊ लागली तर मात्र ती वेगळी गोष्ट, ती लगेच दाखवायची.

त्या दिवशी वायर टाइट केली नाही. झिजलेला उंचवटा भरून दोन्ही बाजू सारख्या केल्या. रबरं काही आठवडे बंद. मी विचारलं, ट्रीटमेंट लांबेल? "लांबेल. लांबू दे." पैसे? "लांबली म्हणून जादा नाही." हे दुसरं वाक्य मी ठाण्यात प्रथमच ऐकलं.

बाकी घरी करायचं. ओल्या गरम फडक्याने पंधरा-वीस मिनिटं शेक. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. पोटावर झोपायचं नाही. गोळी लागली तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सलग घेतल्या तर दातांचं सरकणं मंदावू शकतं, म्हणून त्या नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एरवी दात दातांना टेकवायचे नाहीत. ओठ मिटलेले, दात सुटे, आणि जीभ "न" म्हणताना जिथे टेकते तिथे. जन्मभर उच्चारस्थानं घोकलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. व्यायामही त्याच जागेवरून: जीभ टाळूला ठेवायची आणि ती सुटणार नाही इतकंच तोंड उघडायचं, सावकाश, दिवसातून काही वेळा. तेवढ्या उघडण्यात खटका वाजत नाही, हे पाहून मला पहिल्यांदा धीर आला.

सुपारी सोडणं सर्वांत जड गेलं. आमच्या धंद्यात विडा घराघरात पुढे येतो. खणखणीत आवाजासाठी तोंड मोठं उघडावं लागतं, त्यावर मी कॉलरचा माईक घेतला. यजमान खूश, शेजारी नाराज. कुंजविहारचा वडापाव बायकोने चमच्याने कुस्करून दिला. ते दृश्य स्टेशनवरच्या लोकांनी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

मधल्या काळात एका नातेवाइकाच्या आग्रहाने घोडबंदर रोडच्या एका चकचकीत ठिकाणी दुसरं मत घ्यायला गेलो. नाव लिहीत नाही. तिथे लिफ्ट होती, कॉफी होती, आणि जबड्याला हात न लावता निदान होतं: "तारांमुळेच झालंय. तारा काढा, एमआरआय करा, स्प्लिंट (दातांवर बसवायचं आवरण) घ्या, मग नव्याने बाइट सेट केला की जबडा कायमचा बरा." आकडा ऐकून मी कॉफी अर्धी ठेवली.

मॅडमना हे सांगितलं तर त्या चिडल्या नाहीत, हेही नोंदवण्यासारखं. म्हणाल्या, चकती एक्स-रेमध्ये दिसत नाही, तिला एमआरआयच लागतो, हे खरं. पण तोंड उघडायचं बंद झालं किंवा दुखणं हटेना, तरच तो काढायचा. शिवाय स्टीलचे ब्रॅकेट त्या चित्रात काळे डाग पाडतात, हे त्यांनी सांगितलं का? सांगितलं नव्हतं. स्प्लिंटही वाईट नाही, पण तो कडक ॲक्रिलिकचा, मापाने बनवलेला. दात सरकत असताना आज बसलेला पुढच्या महिन्यात बसत नाही. ऑनलाइन मिळणारा मऊ नाइट गार्ड, गरम पाण्यात बुडवून चावायचा, तो तर तारांवर घालूच नका. मऊ चघळायला मिळालं की काही लोक रात्री आणखी जोरात चावतात.

तारांमुळेच झालं का, याचं उत्तर पुतण्याने दिलं. १९८७ साली मिशिगनमध्ये एका तरुण मुलीने जबड्याच्या दुखण्यासाठी ऑर्थोडॉन्टिस्टवर दावा लावला आणि ज्यूरीने तिला मोठी भरपाई दिली. त्यानंतर सगळे हादरले आणि वर्षानुवर्षं अभ्यास झाले. निष्कर्ष दोन्हीकडून एकच: रीतसर लावलेल्या तारांमुळे सांध्याचा आजार होतो असं दिसत नाही, आणि तारांनी तो बरा होतो असंही दिसत नाही. हा त्रास मुळात तरुण वयात उद्भवतो आणि तारा लावायचं वयही तेच, त्यामुळे दोन्ही एकत्र सापडतात. "काका, म्हणून जो म्हणतो तारांनी झालं आणि तोच म्हणतो तारांनी बरं करतो, त्याच्याकडे जाऊ नका." पोरगं शिकतंय खरं.

माझं मत विचाराल तर या वाक्यात क्लिनिकलाही पूर्ण सूट नाही. आजार तारांनी झाला नसेल, पण झिजलेला उंचवटा आणि नव्या रबरांची ओढ यांनी तो चिघळवला, आणि तो उंचवटा आधीच्या भेटीत दिसायला हवा होता. मॅडमना मी हे तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो, दिसायला हवा होता." आता प्रत्येक भेटीत असिस्टंट आधी कानापुढे बोटं ठेवते, नंतर वायर.

सध्याची स्थिती: दुखणं गेलं, ओपनिंग ४३ वर आलं. खटका आहे. सकाळी पहिल्या घासाला वाजतो, हलका, पहिल्यासारखा. रबरं पुन्हा सुरू झाली, आधी फक्त रात्री आणि कमी ताकदीची, मग हळूहळू दिवसाही. गणपतीत पहाटे चारपासून दुपारपर्यंत घरं केली, माईक लावून, आणि जबडा भरून आला नाही. आरत्यांच्या वेळी मात्र मी फक्त टाळ वाजवतो.

आता दर. धातूच्या तारांचे मला ४५,००० सांगितले, निम्मे आधी आणि बाकी हप्त्यांनी. सिरॅमिकला जास्त, पारदर्शक अलाइनरला त्याहून बरेच जास्त. कार्ड घेतात, यूपीआय घेतात, पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. ज्यांना एवढे परवडत नाहीत त्यांनी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून नेरूळ गाठावं. तिथे दोन डेंटल कॉलेजं आहेत, खर्च बराच कमी, आणि जबड्याच्या दुखण्यासाठी ओरल मेडिसिनचा वेगळा विभाग त्याच इमारतीत. फक्त अर्धा दिवस जातो, आणि तुमचा विद्यार्थी डॉक्टर पास होऊन गेला की केस दुसऱ्याच्या हातात जाते.

ज्यांना वेळेवर आत घेतलेलं हवं, त्यांनी इथे सकाळी पहिली वेळ मागावी, साडेदहाची. तेव्हा शाळेची मुलं नसतात आणि मॅडमही निवांत बोलतात. गुडघे दुखणाऱ्यांनी जिन्याचा विचार करावा. जबड्याच्या नोंदीच्या कागदाची झेरॉक्स मागून घ्या, काउंटरवरची ताई कुरकुरते पण देते. आणि तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवायला लागणाऱ्या रिटेनरचे पैसे ४५,००० मध्ये धरलेले नाहीत, ते पहिल्याच दिवशी विचारून लिहून घ्या.